सहा गोळ्या कशाला?

आमच्या नशिराबादेत कुणाच्या घरात परवान्याचं हत्यार आहे, हे वर्षानुवर्षं कळत नाही. ते कपाटात असतं, कपाटाची किल्ली म्हातारीच्या कमरेला असते आणि म्हातारी कुणाला दाद देत नाही. हत्याराचं दर्शन घडतं ते दोनच वेळी. एक दसऱ्याला आणि दुसरं आचारसंहिता लागली की. दसऱ्याला ते देवासमोर पाटावर बसतं, आचारसंहितेत पिशवीत बसून पोलीस ठाण्याला जातं.

२०२४ साली या दोन्ही वेळा अगदी एकमेकींना चिकटून आल्या. दसरा झाला १२ ऑक्टोबरला आणि विधानसभेची निवडणूक जाहीर झाली १५ ऑक्टोबरला. त्यामुळे आमच्या आबांचं रिव्हॉल्व्हर अंगावरचं हळदकुंकू न झटकताच ठाण्यात गेलं. हवालदारांनी नोंदीसाठी ते हातात घेतलं, मधून मोडून उघडलं, तर गोळ्यांच्या घरातून झेंडूची पाकळी टेबलावर पडली. हवालदारांनी एकदा पाकळीकडे पाहिलं, एकदा आबांकडे.

“आबा, शेवटची गोळी कधी मारली?”

आबा विचारात पडले. ऐंशी ओलांडलेला माणूस विचारात पडला की चहा मागवावा लागतो. तो आला, संपला, मग आबा म्हणाले, “केळीच्या बागेत चोर शिरला होता तेव्हा.”

तो चोर म्हणजे शेजाऱ्याचं वासरू होतं. वासरू सुखरूप निघून गेलं, गोळी केळीच्या खोडात बसली आणि कापणीला आलेला घड आडवा झाला. त्याच्या आधीची गोळी विकत घेतल्या दिवशी चाचणीची म्हणून उडवलेली. साठ वर्षांत दोन. तरीही जगातलं सर्वांत भरवशाचं हत्यार कोणतं, या विषयावर आबांइतक्या अधिकारवाणीने बोलणारा माणूस जळगाव ते भुसावळ या पट्ट्यात दुसरा नाही.

आबांचं ते ‘वेब्ली’ आहे. वेब्ली अँड स्कॉट, बर्मिंगहॅम, बत्तीस बोअर, सहा गोळ्यांचं. नळी खाली वाकवली की पाठ मोडल्यासारखं ते मधोमध उघडतं आणि रिकाम्या पुंगळ्या आपोआप वर येतात. आबा हे पाहुण्यांना करून दाखवत. पाहुणे मागे सरकत. आई स्वयंपाकघरातून ओरडे, “ते मोडाया-जोडायाचं बाहेर करा, इथी पोरं जेवी राह्यली!”

वेब्लीच्या घराण्याचा आबांना अभिमान. ब्रिटिश फौजेत १८८७ साली वेब्ली शिरलं आणि दोन्ही महायुद्धं पाहून आलं, हे ते अशा थाटात सांगतात की जणू ते यांच्याच पिशवीतून गेलं होतं. अर्थात फौजेतलं वेब्ली वेगळ्या, मोठ्या बोअरचं आणि आबांचं नागरिकाला चालणारं बत्तीस. म्हणजे फार तर चुलत घराणं. पण लग्नाच्या बैठकीत चुलत मामाचं तहसीलदारपण सांगतातच की.

बोअर या शब्दानेच आमच्या गावात जितके वाद झाले, तितके पाण्याच्या बोअरनेही नसतील झाले. बारा बोअरची दुनळी म्हणजे एका पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बसेल ती. म्हणजे आकडा वाढला की नळी बारीक. बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर म्हणजे इंचाचे शंभर भाग करून त्यातले बत्तीस. इथे आकडा वाढला की नळी जाड. हे दोन हिशेब कुणी कधी सरळ करून सांगितले नाहीत. त्यामुळे आबांचं बत्तीस हे पाटलांच्या बारापेक्षा अडीच पटींहून मोठं, असं आमची आख्खी गल्ली पंचवीस वर्षं धरून चालली होती. आबांनी गैरसमज दूर केला नाही.

पण वेब्ली हे आमच्या घरातलं ‘जुनं’ हत्यार नव्हेच. ते आलं तेव्हा घरात भांडण झालं होतं, कारण ते नवीन होतं.

आबांचे वडील, ज्यांना सगळं गाव बाप्पा म्हणे, त्यांच्याकडे ठासणीची बंदूक होती. पिकाच्या राखणीची. नळीत तोंडाकडून दारू ओतायची, वर चिंधी, गजाने ठासायचं, मग छर्रे, परत चिंधी, परत ठासायचं, घोडा चढवून टोपी लावायची. एवढं होईपर्यंत रानडुक्कर मका खाऊन, हात पुसून निघून जाई. पण बाप्पांचा त्या बंदुकीवर जीव. आबांनी शहरातून वेब्ली आणलं आणि सहा गोळ्या भरून दाखवल्या, तेव्हा बाप्पा ओट्यावरून उठलेसुद्धा नाहीत. एवढंच म्हणाले:

“सहा गोळ्या कशाला? सहा मारता येतात म्हणजे पाच चुकायची मुभा.”

हे वाक्य आमच्या घराण्यात सातबाऱ्यासारखं चालत आलं आहे. मालक बदलतो, मजकूर तोच.

आबांना त्या वेळी हे वाक्य फार लागलं होतं म्हणतात. ठासणीची बंदूक पावसात भिजते, रिव्हॉल्व्हर भिजत नाही, हे त्यांनी बाप्पांना पटवून पाहिलं. बाप्पा म्हणाले, पावसात बाहेर कशाला जातो? पुढे आमचा धाकटा काका नोकरीला लागला आणि त्याने कानपूरच्या सरकारी कारखान्याचं रिव्हॉल्व्हर घेतलं. तेही बत्तीसच, तेही सहाच गोळ्यांचं. भांडणाला काही कारण नव्हतं. पण आबांनी ते तळहातावर तोललं, कानाशी नेऊन चक्री फिरवली, घड्याळजीसारखं ऐकलं आणि परत दिलं. “चांगलं आहे,” म्हणाले. आमच्याकडे सूनबाईच्या पहिल्या भरिताला ‘चांगलं आहे’ म्हणतात, अगदी त्या आवाजात.

भरिताची गोष्ट निघालीच आहे तर सांगून टाकतो, कारण या सगळ्या प्रकरणाचं मूळ मला भरितात सापडतं. कापसाच्या काड्यांवर वांगं भाजल्याशिवाय भरीत होत नाही, गॅसवर होतो तो भाजीचा अपघात, असं खानदेशात सगळेच म्हणतात. म्हणतात आणि गॅसवर भाजतात. खाताना मात्र पहिल्या घासाला ‘काड्यांवरची चव नाही’ हे म्हणावंच लागतं. ते म्हटल्याशिवाय भरीत उतरत नाही. हत्याराचंही तसंच आहे. जुन्याची आठवण काढल्याशिवाय नव्याला हात लावायचा नाही, असा शिष्टाचार आहे.

२०१४ साली कानपूरच्याच सरकारी कारखान्यातून बायकांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचं हलकं रिव्हॉल्व्हर निघालं. वजन अर्ध्या किलोच्या आसपास, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. काकाने वर्तमानपत्रातलं चित्र कापून काकूपुढे ठेवलं. काकूने किंमत वाचली, आणि जळगावच्या सराफ्यात त्या पैशात त्या वेळी चार तोळे आले असते हे तोंडी हिशेबाने सांगितलं. मग म्हणाली, “मले चार तोळे द्या, मी आपोआप निर्भीक होते.” तो विषय तिथेच संपला. नव्या हत्याराला नाही म्हणण्याचं इतकं स्वच्छ कारण मी नंतर कुठे ऐकलं नाही.

तर आचारसंहितेच्या त्या दिवशी ठाण्याच्या व्हरांड्यात आठ-दहा परवानाधारक पिशव्या मांडीवर घेऊन बसले होते. कुणाच्या हातात वाण्याच्या दुकानाची कापडी पिशवी, कुणाच्या हातात लग्नात मिळालेली. एकाने रिव्हॉल्व्हर जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून आणलं होतं आणि बायकोने सवयीने वरून कांदा ठेवला होता. मला हत्यारांची भीती वाटते, पण आबांचा हात धरायला कुणीतरी लागतं म्हणून मी होतो. रांग हळू सरकत होती, आणि रांग हळू सरकली की आपल्याकडे चर्चासत्र सुरू होतं.

एक तरुण परवानाधारक, केळीचा व्यापारी, मोबाइलवर ग्लॉक दाखवू लागला. “आबा, हे पाह्या. जगातले अर्धे पोलीस हे वापरतात. सांगाडा प्लास्टिकचा.”

“कशाचा?”

“प्लास्टिकचा.”

आबांनी चष्मा वर केला. “बादलीचं असतं ते?”

त्या मुलाने समजावलं की हे साधं प्लास्टिक नव्हे, फार कणखर असतं, ऑस्ट्रियाच्या फौजेने १९८२ साली ते निवडलं. शोधणारा गास्टन ग्लॉक हा आधी पडद्याचे गज बनवायचा, ही माहितीही त्याने उत्साहाच्या भरात दिली. ती द्यायला नको होती.

“म्हणजे,” आबा व्हरांड्याला उद्देशून म्हणाले, “पडद्याचा गज करणाऱ्याने बादलीचं पिस्तूल केलं. गोळ्या किती?”

“सतरा.”

“सतरा!” आबांनी बाप्पांची गादी चालवली. “सतरा लागत असतील तर त्याने आधी नेम शिकावा, मंग पिस्तूल घ्यावं.”

व्हरांडा हसला. पोरगाही हसला, कारण केळीच्या व्यापारात ज्येष्ठांवर रागावून चालत नाही. पण गंमत पुढेच आहे. व्हरांड्यात बसलेल्यांपैकी कुणालाही ग्लॉक मिळण्याची शक्यता नव्हती. नऊ मिलिमीटरचं हत्यार आपल्याकडे सामान्य नागरिकाला निषिद्धच. आणि बाहेरच्या देशातून हत्यार आणायची वाट सरकारने ऐंशीच्या दशकातच बुजवली. त्यामुळे भारतात विदेशी रिव्हॉल्व्हर म्हणजे जुनंच रिव्हॉल्व्हर. नवं विदेशी नाही आणि जुनं विदेशी संपत चाललं, म्हणून जुन्याची किंमत दरवर्षी चढत जाते. अमेरिकेतला म्हातारा जुन्या पिस्तुलावर प्रेम करतो तो निवड म्हणून. त्यांच्या फौजेने १९११ साली घेतलेलं कोल्ट १९८५ साली सोडलं, तरी तिकडच्या आबांचं दुःख अजून ओसरलेलं नाही. आमच्या आबांनी निवड केलेली नाही. त्यांच्यासाठी ती कायद्याने केली. पण हे त्यांना सांगण्यात अर्थ नाही. लग्न आईवडिलांनी ठरवलेलं असलं तरी पन्नास वर्षांनी माणूस ‘मीच पसंत केली’ असंच सांगतो.

व्हरांड्यात वरणगावच्या काडतूस फॅक्टरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. फौजेला लागणारी काडतुसं वरणगावला होतात, त्यामुळे या विषयात त्यांचा शब्द अखेरचा. त्यांना कौल विचारला. ते म्हणाले, “मी उभ्या जन्मात काडतुसं मोजली. नवं-जुनं काही पाह्यलं नाही. खोक्यात एक कमी निघालं की घरी जायला उशीर व्हायचा, एवढं पाह्यलं.”

आपल्या मराठीत काडतूस जिवंत असतं, हे माझ्या फार दिवसांपासून मनात आहे. ‘एक गावठी कट्टा व दोन जिवंत काडतुसांसह अटक’ ही बातमी जळगावच्या पेपरात पावसाच्या बातमीपेक्षा नियमित येते. चोपड्याकडून सातपुड्यात चढलं की मध्य प्रदेशच्या हद्दीवर उमर्टी लागतं, तिथल्या कट्ट्यांचं नाव इथल्या पोलिसांच्या जिभेवर असतं. कट्टा त्या बातमीत नेहमी निर्जीव आणि काडतुसं मात्र जिवंत. बिचारा आरोपी दोन्हींच्या मधला. एकदा एका पाहुण्याने आबांना विचारलं, तुमचं गावठी का? आबा दोन दिवस जेवले नाहीत. ‘काडतूस’ हा शब्द पोर्तुगीजांचा, ‘पिस्तूल’ही त्यांच्याकडूनच आलेलं, ‘बंदूक’ अरबीतून. त्या भाषेत बुंदुक म्हणजे एक कठीण कवचाचं फळ, गोळीच्या आकाराचं. सगळं शब्दभांडार परदेशातून आयात आणि अपमान कशाचा, तर गावठी म्हटल्याचा!

आता आमच्या घरातली चौथी पिढी. ही माझी पुतणी. ती दहा मीटर एअर पिस्तूल मारते, स्पर्धांना जाते. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं, भारतीय नेमबाज महिलेचं त्या स्पर्धेतलं ते पहिलं सुवर्ण. तेव्हा ही शाळेत होती आणि तिने खोलीतलं नटाचं चित्र काढून राहीचं लावलं. आबांनी आधी विचारलं ही कुणाची कोण, मग दोन दिवसांनी स्वतःच पाहुण्यांना सांगू लागले.

पुतणीच्या पिस्तुलाला दारू लागत नाही, हवा लागते. चापाच्या जागी बारीक विजेचा खटका. छर्रा साडेचार मिलिमीटरचा आणि दहा मीटरवरचं दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. ती रोज संध्याकाळी भिंतीवरच्या काळ्या ठिपक्यावर रिकामं पिस्तूल रोखून अर्धा तास उभी राहते. काही उडत नाही, काही वाजत नाही. आबा खाटेवरून हे पाहतात. एकदा त्यांनी विचारलं, “स्पर्धेत किती मारायच्या?”

“साठ. पंचाहत्तर मिनिटांत.”

आबांचा ‘आ’ उघडा राहिला. एक, सहा, सतरा आणि आता साठ. बाप्पांचं वाक्य ओठांवर आलं होतं, ते मी पाहिलं. पण पुतणीने तिच्या मागच्या स्पर्धेचा कागद पुढे केला. साठातल्या बहुतेक गोळ्या बटणाच्या आत किंवा बटणाच्या काठावर. आबांनी कागद उलटा करूनही पाहिला. ज्यांच्या दोन गोळ्यांपैकी एक केळीत गेली, त्यांनी वाक्य गिळलं.

गिळलं, पण पचलं नाही. टोकियो ऑलिम्पिकमध्ये ऐन स्पर्धेत मनू भाकरचं पिस्तूल बिघडलं, वेळ वाया गेला आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. त्या दिवशी आबा दुःखाने व्याकूळ झाले, पण दुःखाच्या कडेला थोडं समाधानही होतं. “वेब्लीचं काही तुटत नाही,” असं ते रात्री जेवताना तीनदा म्हणाले. वापरलंच नाही तर तुटेल कसं, हे कुणी बोललं नाही.

पॅरिसला २०२४ मध्ये तुर्कस्तानचा एक्कावन्न वर्षांचा युसुफ दिकेच साधा चष्मा घालून, एक हात खिशात घालून उभा राहिला आणि मिश्र सांघिक रौप्य घेऊन गेला. तेव्हा तर आबांनी टीव्हीला नमस्कारच केला. डोळ्यांवर ना भिंगांचे सांगाडे, ना झापड. “हा आपल्यातला!” पुतणीने सांगितलं की पिस्तूल मारताना बरेच जण दुसरा हात खिशात घालतात, अंग हलू नये म्हणून, आणि त्याच्या हातातलं पिस्तूल तिच्यासारखंच नव्या जमान्याचं. आबांनी पहिलं ऐकलं, दुसऱ्याला त्यांच्या कानात अचानक दडा बसला.

दोघांचा खरा सामना झाला तो नाशिकवरून. आबा म्हणाले, जुन्या हत्यारांत इमान होतं, क्रांतिकारकांनी काय तुझ्या विजेच्या पिस्तुलाने कलेक्टर जॅक्सनला मारलं का? २१ डिसेंबर १९०९, विजयानंद नाट्यगृह, ‘शारदा’चा प्रयोग, अनंत कान्हेरे, तारीख-वार सगळं त्यांना पाठ. पुतणी म्हणाली, “आबा, ते ब्राउनिंग होतं. सावरकरांनी लंडनहून पेटीच्या चोरकप्प्यातून वीस पाठवली होती. त्या वेळी ब्राउनिंगचं आपोआप भरणारं पिस्तूल बाजारात येऊन दहाएक वर्षंच झाली होती. म्हणजे ते तेव्हाचं नव्यातलं नवं होतं. आणि कान्हेरे माझ्याहून लहान होते.”

खाट कुरकुरली. आबांनी कूस बदलली. थोड्या वेळाने भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “बाप्पा असते तर त्यांनी विचारलं असतं, ठासणीची काय वाईट होती म्हणून.” मला वाटतं हा शरणागतीचा कागद होता, फक्त सही बाप्पांची होती.

परवान्याचं पुढे काय, हा प्रश्न आहेच. सत्तरी ओलांडलेल्याला आपलं हत्यार वारसाकडे देण्यासाठी अर्ज करता येतो. आबांनी घरात विचारून पाहिलं. शेताच्या बांधावरून तीन पिढ्या कोर्टात गेलेलं आमचं घर वेब्लीच्या बाबतीत मात्र एकदम त्यागी निघालं. काका म्हणाला माझं आहे. मी म्हणालो मला भीती वाटते. पुतणी म्हणाली, “मला द्या आबा, पण मी ते मारणार नाही. ठेवीन.” आबांना राग यायला हवा होता. त्यांनी उलट समाधानाने मान हलवली. त्यांनीही दुसरं काय केलं होतं?

दिवाळी आली तेव्हा गावातली सगळी परवान्याची हत्यारं ठाण्यात गप्प पडली होती. मतदान २० नोव्हेंबरला, त्यामुळे त्या दिवाळीत नशिराबादेत चाललेली पिस्तुलं फक्त टिकल्यांची. काकाच्या नातवाला, वय वर्षं पाच, प्लास्टिकचं नवं पिस्तूल आणलं होतं, गोल चकतीत आठ टिकल्या बसणारं. ते लक्ष्मीपूजनाच्या सकाळीच अडकलं. मग माळ्यावरून माझं लहानपणीचं पत्र्याचं काढलं, कागदी टिकल्यांच्या रोलचं. मी छाती पुढे काढून सांगितलं की खरं पिस्तूल हे, आमच्या वेळी असं होतं. त्याने चाप ओढला. रोल फाटला. परत ओढला, गंज खाली पडला.

पोरगं काही बोललं नाही. त्याने रोल बाहेर काढला, एक टिकली फाडून ओट्याच्या फरशीवर ठेवली, अंगणातून एक दगड आणला आणि मारला. फट्ट. एकच, पण जोरात.

आबा खाटेवर उठून बसले. पुतणी भिंतीवरच्या ठिपक्यावरून पिस्तूल खाली घेऊन दारात आली. पोराने दुसरी टिकली ठेवली, दगड उचलला आणि आबांकडे पाहून विचारलं, “तुम्ही मारता का?”

आबा काठी टेकत ओट्याशी आले, खाली बसायला त्यांना दोन मिनिटं लागली. दगड हातात घेऊन त्यांनी तोलून पाहिला, कानाशी नेला, परत तोलला.

“थोडा जड पाहिजे होता,” म्हणाले. “आमच्या वेळचे दगड चांगले होते.”